नऊ क्रमांकाच्या वाट्याचे काम

रग्बी लीगच्या सामन्यात चेंडूला सर्वाधिक वेळा हात लागतो तो नऊ क्रमांकाच्या खेळाडूचा, म्हणजे हूकरचा, आणि नवख्या प्रेक्षकाला सर्वांत शेवटी दिसतो तोही हाच. धावत सुटलेला विंगर दिसतो, उंच उडालेला चेंडू झेलणारा फुलबॅक दिसतो, एकमेकांवर आदळणारे धिप्पाड प्रॉप दिसतात; हूकर मात्र खाली वाकतो, चेंडू उचलून बाजूला फेकतो आणि पुढच्या ढिगाऱ्याकडे निघून जातो. मेलबर्नला स्थायिक झालेला माझा भाचा एकदा फोनवर म्हणाला होता, "मावशी, एक सामना फक्त नऊ नंबरकडे बघत काढ. चेंडू कुठेही जाऊ दे, तू त्याच्यावरची नजर हलवू नकोस." नागपुरात मे महिन्यात दुपारी साडेतीन वाजता घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नसतो, आणि शुक्रवारी रात्री आठला सिडनीत किंवा ब्रिस्बेनमध्ये सुरू होणारा सामना त्या दिवसांत आपल्याकडे नेमका त्याच वेळेला लागतो. कूलरच्या घरघरीत मी त्याचे म्हणणे ऐकले, आणि तेव्हापासून हा खेळ मला बराचसा एका माणसाच्या अंगाने कळत आला आहे.

आपल्याकडे रग्बी म्हटले की पंधरा जणांची किंवा सात जणांची रग्बी डोळ्यांसमोर येते. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सात जणांचीच. रग्बी लीग हा तेरा जणांचा वेगळा खेळ आहे. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तर भागातील क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन जुन्या संघटनेशी फारकत घेतली. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी की नाही, हा त्या भांडणाचा मुख्य मुद्दा होता. पुढे १९०६ मध्ये खेळाडू तेरा झाले आणि प्ले-द-बॉलचा नियम आला. टॅकल झालेल्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी धरून पाडलेल्या, खेळाडूने उठायचे, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सारायचा. मागे उभा राहून तो उचलणारा खेळाडू म्हणजे डमी हाफ, आणि आजच्या खेळात हे काम बहुतांशी हूकरकडे असते. समोर अगदी जवळ प्रतिस्पर्ध्यांचे दोन बचावपटू, म्हणजे मार्कर, उभे असतात, त्यांची उरलेली फळी दहा मीटर मागे असते, आणि चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल होईपर्यंत पुढे सरकता येते. म्हणजे दर काही सेकंदांनी सगळा खेळ थांबून एका वाकलेल्या माणसाच्या हातातून नव्याने सुरू होतो.

पूर्वी असे नव्हते. दोन्ही संघांचे सहा-सहा जण खांद्याला खांदा भिडवून स्क्रम करीत, मधून चेंडू आत सोडला जाई आणि दोन प्रॉपांच्या खांद्यांवर लोंबकळत तो पायाने आपल्या बाजूला ओढून घेणे हे हूकरचे खरे कौशल्य मानले जाई. त्याने किती स्क्रम जिंकले, यावर त्याची किंमत ठरे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्या संघाने ब्रिटन-फ्रान्सचा दौरा एकही सामना न हरता पूर्ण केला, त्याचा कर्णधार मॅक्स क्रिलिच हा हूकरच होता आणि त्याची घडण त्या जुन्या खेळात झाली होती. १९८३ पासून सहाव्या टॅकलनंतर स्क्रमऐवजी चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्यायचा, असे ठरले आणि एका फटक्यात स्क्रमची संख्या घटली. उरलेल्या स्क्रममधली चुरसही त्या दशकात हळूहळू निघून गेली. जुन्या कौशल्याची गरज संपल्यावर त्या जागेवर कोणत्या प्रकारचा माणूस खेळवायचा, हा प्रश्न मोकळा झाला. स्टीव्ह आणि केरॉड या वॉल्टर्स भावांनी त्याचे एक उत्तर दिले. एक कॅनबेराचा, दुसरा ब्रिस्बेनचा. क्वीन्सलंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या एकाच जर्सीसाठी दोघे सख्खे भाऊ एकमेकांचे स्पर्धक होते. चेंडू उचलून मार्करच्या बगलेतून स्वतःच पळत सुटणे हे दोघांचेही बलस्थान होते.

वृत्तांतांत हूकरचे काम बहुधा दोन आकड्यांत मांडले जाते: किती मिनिटे खेळला आणि किती टॅकल केले. ऐंशी मिनिटे आणि पंचेचाळीस टॅकल, असे काहीसे. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांतून श्रमाचा अंदाज फारसा येत नाही, असे मला वाटते. दर टॅकलनंतर जमिनीवरून उठून दहा मीटर मागे पळावे लागते आणि वळून लगेच पुढे यावे लागते, आणि हे पंचेचाळीस या आकड्यात मोजलेले नसते. ज्या वेळी टॅकल दुसऱ्याने केला त्या वेळीही हे मागेपुढे पळणे सुटत नाही. शिवाय हूकर बचावात मैदानाच्या मधोमध उभा असतो, जिथे प्रॉप सरळ अंगावर येतात. स्वतः नव्वद किलोच्या आतबाहेरचा असताना त्याला एकशेदहा किलोच्या पुढचे गडी अडवावे लागतात, आणि ते गडी मुद्दाम त्याच्याच दिशेने पाठवले जातात, कारण तो दमला की पुढच्या सेटमध्ये, म्हणजे सहा टॅकलच्या पुढच्या पाळीत, त्याचे पास ढिले पडतील, हा हिशेब समोरच्या प्रशिक्षकाने आधीच केलेला असतो.

महाविद्यालयात असताना मी महाल भागातल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळत असे, कोपरारक्षक म्हणून. पायाची पकड करताना बोटांत आणि मनगटात जो जोर एकवटतो, तो पकड सुटल्यानंतरही लगेच उतरत नाही. थोडा वेळ हात आपले राहत नाहीत, त्यांना बारीक कंप असतो. चढाईपटू बाद झाला की आम्हाला निदान श्वास घ्यायला सवड मिळे, आणि त्यानंतर आमच्या हातांकडून कोणी नाजूक कामाची अपेक्षा करीत नसे. हूकरकडून नेमकी तीच अपेक्षा असते. सलग सहा टॅकलमध्ये तीनदा आडवा झालेला हा माणूस चेंडू आपल्या संघाकडे येताच धावत जाऊन डमी हाफच्या जागी पोहोचतो आणि जमिनीवरचा चेंडू हात मागे न नेता, एकाच झोकात, दहा-बारा मीटरवरून धावत येणाऱ्या सहकाऱ्याच्या छातीसमोर देतो. चेंडू त्याच्या मागे पडला तर त्याला पाऊल आवरावे लागते, आणि तेवढ्यात समोरची फळी अंगावर येऊन पोहोचते. हा पास उजवीकडेही तितकाच सरळ जावा लागतो आणि डावीकडेही. एका सामन्यात हे शंभरच्या आसपास वेळा घडते. साधा, सरळ, वेळेवर दिलेला पास कोणत्याही ठळक क्षणांच्या चित्रफितीत येत नाही, आणि हूकरच्या कामाचा मोठा भाग तोच असतो.

खेळण्याच्या शैलींची चर्चा करताना लोक पळणारा हूकर, पास देणारा हूकर, टॅकल करणारा हूकर असे कप्पे पाडतात. शैली ही आवडीनिवडीची बाब असावी, असा त्यातून भास होतो. माझ्या मते शैली ठरते ती त्या खेळाडूने आपले श्रम कुठे खर्च करायचे ठरवले आहे यावरून, आणि बचावातले काम उरकल्यावर त्याच्या अंगात काय शिल्लक उरते यावरून. कॅमेरॉन स्मिथचा विचार केला की हे स्पष्ट होते. मेलबर्न स्टॉर्मकडून तो ४३० सामने खेळला. चारशे सामन्यांचा टप्पा गाठणारा तो एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेतला पहिला खेळाडू. गोल किक धरून त्याचे २,७८६ गुण झाले. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक त्याला २००६ मध्ये मिळाले आणि पुन्हा २०१७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. तो वेगवान नव्हता, दांडगाही नव्हता. त्याचे सामने लक्ष देऊन पाहिले तर जाणवते की तो बहुतेक वेळा काहीच वेगळे करीत नसे. चेंडू उचलायचा, द्यायचा, चालत पुढच्या जागी जायचे. मात्र प्रत्येक वेळी मान वर असायची आणि डोळे मार्करवर असायचे. सत्तर वेळा साधा पास दिल्यावर एकाहत्तराव्या वेळी दोन्ही मार्कर अर्धे वळलेले आहेत किंवा फुलबॅक जागेवर नाही, हे त्याला दिसे, आणि मग तो तीन पावले पळे किंवा गोलरेषेमागे सरपटती किक मारी. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना तो सामना संथ करतो याची चीड यायची. मला तो संथपणा उच्च दर्जाचा वाटतो, कारण ज्याला ऐंशी मिनिटे टिकायचे आहे त्याला कधी काही करायचे नाही हे आधी कळावे लागते.

अर्थात स्मिथच्या खेळाला आणखी एक बाजू होती आणि ती सर्वांना रुचणारी नव्हती. स्टॉर्मने कुस्तीचे डाव टॅकलमध्ये आणले: दोघा-तिघांनी मिळून चेंडू असलेल्या खेळाडूला असे धरायचे की त्याला उठायला एखादा सेकंद जास्त लागेल आणि तेवढ्यात आपली फळी सावरून उभी राहील. टॅकलमध्ये तिसरा येऊन हे नियंत्रण ठेवण्याचे कामही पुष्कळदा हूकरच करतो, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. २००८ मध्ये प्रतिस्पर्ध्याला मानेजवळ जखडल्याबद्दल स्मिथवर बंदी आली, तो अंतिम सामन्याला मुकला, आणि सिडनीच्या मॅनली क्लबने स्टॉर्मला ४०-० असे हरवले. चाळीस गुणांचा फरक एका माणसामुळे पडला असे कोणी म्हणणार नाही, पण त्या दिवशी स्टॉर्मच्या खेळाला दिशा नव्हती एवढे नक्की.

इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स या काचनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने दोन वेगळ्या स्वभावांचे हूकर एकामागून एक दिले. कीरन कनिंगहॅम हा बैठा, रुंद, मांड्यांत प्रचंड ताकद असलेला गडी होता. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर त्याने चेंडू उचलला की दोन मार्करांना खांद्यावर घेऊनच तो पुढे जाई. क्लबच्या मैदानाबाहेर आज त्याचा पुतळा आहे. त्याच्या हाताखाली जेम्स रॉबी आला, २००४ मध्ये. सुरुवातीची काही वर्षे रॉबी राखीव फळीत बसे, कनिंगहॅमने प्रॉपांना दमवले की आत येई आणि दमलेल्या मार्करांच्या मधून निसटून जाई. २००७ मध्ये बहुतेक सामन्यांत राखीव म्हणून उतरूनही मॅन ऑफ स्टील हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. २०१० मध्ये कनिंगहॅम निवृत्त झाला आणि रॉबीच्या कामाचे स्वरूपच पालटले. आता सुरुवातीचे जड काम त्याचे होते, आणि शेवटचेही. तो पळायचा थांबला नाही, पण पळण्याच्या वेळा त्याने निवडून घेतल्या. २०१९ ते २०२२ या सलग चार विजेतेपदांत तो संघात होता, आणि २०२३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, केल कॉस्लेटचा क्लबसाठी ५३१ सामन्यांचा विक्रम मोडून त्याने त्याच हंगामाअखेर खेळ सोडला. एकाच खेळाडूने दोन्ही भूमिका इतक्या दीर्घकाळ निभावल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

हे सगळे एकाच सामन्यात पाहायचे असेल तर मी १८ नोव्हेंबर २०२०चा, क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेतील तिसरा सामना सुचवीन. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, टाळेबंदीमुळे त्या वर्षी भाचा येऊ शकला नव्हता, आणि ओवाळणीच्या बदल्यात त्याने मला हा सामना पाहायला सांगितला असावा. क्वीन्सलंडचा संघ कागदावर दुबळा मानला जात होता. न्यू साउथ वेल्स जिंकणार अशी बहुतेकांची खात्री होती. क्वीन्सलंडचे प्रशिक्षक वेन बेनेट यांनी सुरुवातीला जेक फ्रेंडला खेळवले. फ्रेंड हा सिडनी रूस्टर्सचा, तीन विजेतेपदे मिळवलेला, पण ओरिजिनची जर्सी त्याला त्याच मालिकेत, तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा मिळाली होती, कारण त्याच्या उमेदीची बहुतेक वर्षे त्या जागेवर स्मिथ होता. फ्रेंडच्या खेळात चमक शोधणाऱ्याची निराशा होते. तो टॅकल करतो, उठतो, मागे जातो, पुन्हा टॅकल करतो. समोर न्यू साउथ वेल्सकडे डेमियन कुक होता, किनाऱ्यावरच्या वाळूत धावण्याच्या शर्यती गाजवलेला, आणि या जागेवर आजवर खेळलेल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एक. प्ले-द-बॉल झटपट झाला तर कुकला पकडणे अवघड. तो रेंगाळला तर कुकचा वेग वाया जातो. म्हणून फ्रेंडचे आणि त्याच्या साथीदारांचे पहिले काम न्यू साउथ वेल्सच्या प्रत्येक खेळाडूला जमिनीवर जरा जास्त वेळ ठेवण्याचे होते. पुढे हॅरी ग्रँट आत आला. हा त्याचा ओरिजिनमधला पहिलाच सामना. समोरचे प्रॉप तोवर पुरते थकले होते आणि दहा मीटर मागे जाताना त्यांची पाठ वळलेली राहत होती. ग्रँटने तेवढी फट ओळखली, गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केली, आणि क्वीन्सलंडने सामना २०-१४ असा जिंकला आणि त्याबरोबर मालिकाही. दुसऱ्या दिवशी ग्रँटचे कौतुक सर्वत्र झाले. ते योग्यच होते. पण ज्या थकव्याचा त्याने फायदा घेतला तो आपोआप आला नव्हता.

ऐंशी मिनिटे एकालाच खेळवायचे की दोघांत काम वाटायचे, या वादात इंटरचेंजचा, म्हणजे सामन्यात खेळाडू बदलण्याचा, नियम निर्णायक ठरतो आणि शैलीपेक्षा त्याची चर्चा अधिक व्हायला हवी. एनआरएलमध्ये एका सामन्यात २००१ पासून बारा बदल करता येत, २००८ पासून दहा, आणि २०१६ मध्ये ते आठवर आणले गेले. प्रॉपला साधारण पंचवीस मिनिटांनी बाहेर काढून विश्रांती देऊन परत आणायचे म्हटले की त्यातच बहुतेक बदल संपतात. हूकर पूर्ण वेळ टिकला तर सगळे बदल मोठ्या गड्यांसाठी मोकळे राहतात; म्हणून प्रशिक्षकांना ऐंशी मिनिटांचा हूकर हवा असतो, मग शेवटच्या वीस मिनिटांत त्याचे पास गुडघ्यापाशी पडले तरी चालते. त्यात २०२०च्या मे महिन्यात नवा नियम आला: प्ले-द-बॉलजवळच्या चुकीसाठी पेनल्टी देऊन खेळ थांबवण्याऐवजी सहा टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. प्रेक्षकांना वेगवान खेळ मिळाला. बचाव करणाऱ्याला मात्र पेनल्टीच्या वेळी मिळणारी ती अर्ध्या मिनिटाची उसंत गेली, आणि मधल्या फळीत उभ्या असणाऱ्या माणसाकडून ती सर्वांत आधी हिरावली गेली.

फ्रेंडचे पुढे काय झाले ते इथे सांगितले पाहिजे. २०२१च्या एप्रिलमध्ये, डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे, त्याने निवृत्ती जाहीर केली. २६४ सामने तो खेळला होता, सगळे एकाच क्लबसाठी. दोन दशके खेळलेल्या स्मिथचे शरीर आणि एकतिसाव्या वर्षी थांबावे लागलेले फ्रेंडचे शरीर यांत नशिबाचा वाटा असणारच, आणि टॅकल करण्याच्या तंत्राचाही. तरी मला वाटते की संघ ज्याला कष्टाळू म्हणून गौरवतो त्याच्या अंगावर आणखी काम टाकणे सर्वांनाच सोयीचे असते, आणि तो स्वतः नाही म्हणत नाही.

आता ग्रँट मेलबर्न स्टॉर्मचा कर्णधार आहे. २०२४ पासून ती जबाबदारी त्याच्याकडे आहे. मधल्या काळात, २०२१ मध्ये, स्टॉर्मने त्याला आणि ब्रँडन स्मिथला एकाच संघात आलटून पालटून वापरले होते. ब्रँडन स्मिथ प्रॉपासारखा अंगावर जाणारा, ग्रँट फटी शोधणारा; त्या वर्षी सर्वोत्तम हूकरचा मान ब्रँडनला मिळाला, आणि दोघांपैकी कोणीही दमलेला दिसत नसे. आज ग्रँटच्या वाट्याला बचावाचा तो मधला पट्टा पूर्ण आला आहे. त्याचे डमी हाफमधून सुटणे अजूनही सुंदर आहे, पण उत्तरार्धात तो पूर्वीपेक्षा कमी वेळा सुटतो असे मला दिसते. भाच्याला हे मान्य नाही. त्याच्या मते कर्णधाराने मैदानावरच असले पाहिजे आणि ग्रँट आता पास देण्यात मुरला आहे. मी त्याला म्हणते, पन्नासाव्या मिनिटानंतर त्याला पंधरा मिनिटे बाहेर बसवा आणि पासष्टाव्या मिनिटाला पाठवा, मग बघू. "मावशी, तू प्रशिक्षक असतीस तर पहिल्याच महिन्यात तुला काढून टाकलं असतं," असे तो म्हणतो. पुढच्या शुक्रवारी ग्रँटच्या शेवटच्या वीस मिनिटांतले पळणे आणि पास वेगवेगळे मोजायचे आम्ही ठरवले आहे. टॅकल तर वृत्तांतात छापून येतातच.